रेउसचे व्हर्मूथ: वाईनच्या मुलखातले जेवणाआधीचे पेय

द्राक्षवेल

स्पेनच्या कातालोनिया प्रदेशात, तारागोना शहराच्या पाठीमागच्या डोंगरांत, प्रिओरात नावाचा छोटासा मुलूख आहे. पाटीच्या काळ्या दगडाच्या उभ्या उतारांवर तेथे गारनाचा आणि कारिन्येना या जातींच्या जुन्या वेली आहेत. त्यांना द्राक्षे जेमतेम लागतात, पण तेवढ्याच द्राक्षांच्या लाल वाईनमुळे रिओखा या प्रदेशाखेरीज स्पेनमधला वाईनचा सर्वोच्च दर्जा मिळालेला हा एकमेव प्रदेश ठरला आहे. आल्वारो पालासिओस या वाईन उत्पादकांच्या ‘लेर्मिता’ या वाईनची एक बाटली हजार युरोंच्या पुढे जाते, यावरून तेथील वाईनच्या रुबाबाचा अंदाज यावा. आम्हीही अर्थातच लाल वाईनसाठीच गेलो होतो. परंतु फालसेत या तालुक्याच्या गावी रविवारी दुपारी चौकात बसलेल्या कुटुंबांपुढे जे पेले होते, त्यांत लाल वाईन फारशी नव्हतीच. तपकिरी रंगाचे, बर्फाचे खडे आणि संत्र्याची चकती घातलेले ते पेय म्हणजे व्हर्मूथ, वनस्पतींचा अर्क, साखर आणि मद्यार्क मिसळलेली वाईन, आणि या धाग्यात त्याविषयीच लिहायचे आहे.

आपल्याकडे व्हर्मूथ माहीत असते ते बहुधा मार्टिनी किंवा नेग्रोनी या कॉकटेलांमधला एक घटक म्हणून, आणि तेही इटालियन किंवा फ्रेंच. स्पेनमध्ये, विशेषतः कातालोनियात, ते एकटेच प्यायले जाते आणि त्याला ठरलेली वेळ असते. दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान, जेवणाआधी, मित्रांनी किंवा घरच्यांनी एकत्र बसून ऑलिव्ह, बटाट्याचे काप आणि डब्यातले शिंपले खात एखादा पेला घ्यायचा, असा हा रिवाज आहे. स्पेनमध्ये जेवण दुपारी दोननंतर असते, हे लक्षात घेतले म्हणजे या रिवाजाची गरजही कळते.

पेय मुळात इटलीचे. तुरीन शहरात १७८६ मध्ये आंतोनिओ बेनेदेत्तो कार्पानो याने व्हर्मूथ विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. स्पेनमध्ये ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले, आणि रेउस या शहराइतके ते कोठेच रुजले नाही. त्यामागचे कारण मला सर्वांत रोचक वाटले. रेउस हे आंतोनी गाउदी या वास्तुशिल्पकाराचे जन्मगाव म्हणून पर्यटकांना माहीत असते, पण अठराव्या शतकापासून ते वाईनपासून गाळलेल्या मद्यार्काची मोठी बाजारपेठ होते. ‘रेउस, पॅरिस, लंडन’ हे शब्द तेथे आजही अभिमानाने उच्चारले जातात, कारण मद्यार्काचे भाव या तीन शहरांत ठरत असत, असे सांगितले जाते. व्हर्मूथला लागते काय? साधी वाईन, मद्यार्क, साखर, डोंगरातल्या वनस्पती आणि समुद्रमार्गे येणारे मसाले. भोवताली द्राक्षबागा, बाजारात मद्यार्क, पाठीशी मोन्सांत आणि प्रादेसचे डोंगर आणि काही किलोमीटरवर तारागोनाचे बंदर, अशा ठिकाणी हा धंदा उभा राहिला नसता तरच नवल. इसागिरे हे तेथले सर्वांत जुने नाव १८८४ चे आहे. त्यांचे कोठार आता रेउसजवळच्या एल मोरेल गावात आहे. तारागोनात १८५१ मध्ये सुरू झालेली दे म्युलर ही पेढी चर्चमधल्या प्रार्थनेच्या वाईनसाठी प्रसिद्ध होती आणि तीही व्हर्मूथ करते. मिरो यांचे व्हर्मूथ त्या मानाने अलीकडचे, १९५७ पासूनचे.

आता चवीविषयी. रेउसमध्ये २०१४ साली सुरू झालेले व्हर्मूथचे एक संग्रहालय आहे. तेथे जुन्या बाटल्या, जाहिरातींची चित्रे आणि सोड्याचे सायफन मांडलेले आहेत आणि त्यांच्या शेजारीच बसून पिण्याचीही सोय आहे. आम्ही तेथे इसागिरेचे साधे लाल व्हर्मूथ आणि त्यांचेच वर्षभर लाकडी पिंपात मुरवलेले ‘रेसेर्वा’ शेजारी शेजारी ठेवून चाखले. पहिला घोट बर्फाविना घ्यावा, असे वाढणाऱ्या बाईंनी आवर्जून सांगितले. साध्या व्हर्मूथमध्ये प्रथम जळक्या साखरेची आणि संत्र्याच्या सालीची गोडी आली, मग दालचिनी आणि लवंग, आणि घोट गिळून झाल्यावर जिभेच्या मुळाशी स्वच्छ कडवटपणा उरला. रेसेर्वात तीच क्रमवारी होती, पण गोडी मागे सरलेली आणि लाकडाचा व सुक्या मेव्याचा वास पुढे आलेला होता. त्यात मद्यार्कही अठरा टक्के, म्हणजे साध्यापेक्षा तीन टक्के अधिक आहे. बर्फ घातल्यावर दोन्हींमधली गोडी बसली आणि कडवटपणा अधिक मोकळा झाला. माझे मत असे की चांगले आणि सामान्य व्हर्मूथ यांतला फरक या शेवटच्या कडवटपणातच कळतो. सामान्य व्हर्मूथ गोडावर संपते आणि दुसरा पेला नकोसा होतो. चांगल्याचा कडवटपणा तोंड कोरडे करून भूक चाळवतो.

दुसऱ्या दिवशी फालसेतच्या सहकारी वायनरीत गेलो. गाउदीचा शिष्य सेझार मार्तिनेल याने १९१९ मध्ये उभारलेली ती इमारत पाहण्यासाठी लोक मुद्दाम येतात. विटांच्या उंच कमानींमुळे अशा वायनऱ्यांना कातालोनियात ‘वाईनची कॅथेड्रल’ म्हणतात. ज्यांना प्रिओरातच्या महागड्या वाईनचे दडपण येते, त्यांनी सुरुवात अशा ठिकाणाहून करावी, असे मी सुचवेन. तेथील व्हर्मूथ इसागिरेपेक्षा कमी गोड आणि अधिक रानटी वासाचे वाटले. ज्यांनी हे पेय तेथे किंवा अन्यत्र घेतले आहे, त्यांनी आपले अनुभव अवश्य लिहावेत.

निफाडचा शेतकरी

लेख आवडला. माझा प्रश्न द्राक्षबागायतदाराचा आहे. व्हर्मूथला लाल म्हणतात, तर ते त्याच गारनाचापासून होते का? आणि एवढा मसाला घालायचा असेल तर मूळ वाईन हलक्या प्रतीची असली तरी चालते, असा याचा अर्थ घ्यायचा का? आमच्या भागात वाईनच्या द्राक्षांचा भाव पडला की शेतकऱ्याला दुसरा मार्ग नसतो, म्हणून विचारतो.

द्राक्षवेल

नमस्कार. लाल व्हर्मूथ बहुतेक वेळा पांढऱ्या वाईनपासूनच करतात, हे मलाही तेथे गेल्यावरच कळले. रेउसकडे माकाबेओ आणि पारेय्यादा या पांढऱ्या जाती वापरतात. रंग येतो तो जळक्या साखरेमुळे आणि थोडासा वनस्पतींच्या अर्कामुळे. युरोपीय संघाच्या नियमानुसार व्हर्मूथमध्ये किमान पंचाहत्तर टक्के वाईन असावी लागते, मद्यार्क साडेचौदा ते बावीस टक्क्यांच्या दरम्यान असावा लागतो आणि वर्मवुड या कडू वनस्पतीच्या कुळातली, म्हणजे आर्टेमिसिया वंशाची एक तरी वनस्पती असावीच लागते.

वाईन हलकी चालते का, या प्रश्नाचे उत्तर थोडे गुंतागुंतीचे आहे. ती तटस्थ असावी लागते, म्हणजे तिचा स्वतःचा वास फार नसावा; पण तिच्यात दोष असेल तर तो मसाल्याने झाकला जात नाही, उलट गोडीमुळे उघडा पडतो, असे सहकारी वायनरीतल्या माणसाने सांगितले. तरीही आपला तर्क बऱ्याच अंशी बरोबर आहे. ज्या पांढऱ्या द्राक्षांच्या वाईनला बाटलीमागे फारसा भाव आला नसता, तिला या मार्गाने गिऱ्हाईक मिळते आणि सहकारी संस्थेच्या सभासदांची द्राक्षे पडून राहत नाहीत. शिवाय व्हर्मूथला एखाद्या वर्षीच्या सुगीची छाप नको असते; चव दरवर्षी सारखीच हवी असते, त्यामुळे वाईट वर्षाचा फटकाही कमी बसतो. प्रिओरातच्या लाल वाईनचे नेमके उलटे आहे.

आणखी एक गंमत अशी की फालसेत हे प्रिओरात तालुक्याचे मुख्य गाव असूनही तेथील सहकारी वायनरीची वाईन प्रिओरातच्या नावाने विकली जात नाही. ती शेजारच्या मोन्सांत या वाईन प्रदेशात मोडते. सीमा अशा आहेत की नकाशा हातात असूनही आमचा गोंधळ होत होता.

काढेवाली

वनस्पतींचा उल्लेख आला म्हणून लिहिते. आर्टेमिसिया वंश आपल्याला अपरिचित नाही. जोतिबाला चैत्रात वाहिला जाणारा दवणा याच वंशातला, आर्टेमिसिया पॅलेन्स. व्हर्मूथमधले वर्मवुड म्हणजे बहुधा आर्टेमिसिया अब्सिंथियम, दवण्यापेक्षा कितीतरी कडू. तसेच व्हर्मूथमध्ये कडवटपणासाठी जंतियनाचे मूळ घालतात. आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांत वाढणारी ती वनस्पती आणि आपल्याकडचे काडेचिराईत ही एकाच कुळातली आहेत. ज्यांनी लहानपणी तापात काडेचिराईताचा काढा घेतला आहे, त्यांना व्हर्मूथची शेवटची चव ओळखीची वाटली तर आश्चर्य नाही.

मात्र व्हर्मूथ म्हणजे त्यांचे द्राक्षासव, असे कोणी म्हणू नये, कारण घडण्याची रीत अगदी वेगळी आहे. द्राक्षासवात मनुका, गूळ किंवा साखर, दालचिनी, वेलदोडा, नागकेशर अशी द्रव्ये एकत्रच आंबवली जातात आणि धायटीच्या फुलांनी आंबण्याला चालना मिळते. मद्यार्क जेवढा आपोआप तयार होईल तेवढाच. व्हर्मूथमध्ये वाईन आधी पूर्ण तयार झालेली असते. वनस्पती वेगळ्याने मद्यार्क आणि पाण्याच्या मिश्रणात काही आठवडे भिजवून त्यांचा अर्क काढतात आणि मग तो वाईनमध्ये मिसळून साखर व जादा मद्यार्क घालतात. त्या जादा मद्यार्कामुळे साखर पुन्हा आंबत नाही. म्हणून औषधी दृष्टीने दोहोंची तुलना करणे मला योग्य वाटत नाही. युरोपातही व्हर्मूथची सुरुवातीची ओळख पोटाला बरे असणारे पेय अशीच होती, पण भूक वाढते एवढ्यावरून त्याला औषध म्हणणे आता कोणी करू नये.

माद्रिदकर

मी बरीच वर्षे माद्रिदमध्ये राहतो, त्यामुळे थोडा विरोध नोंदवतो. लेख वाचून कोणाचा असा समज होईल की व्हर्मूथ प्यायचे तर रेउसलाच जावे. माद्रिदमध्ये त्याची स्वतंत्र परंपरा आहे आणि ती बाटलीची नसून नळाची आहे. जुन्या टॅव्हर्नांमध्ये काउंटरवर पितळी किंवा चिनी मातीचा नळ असतो आणि त्यातून थंड व्हर्मूथ थेट पेल्यात येते. ‘बेर्मुत दे ग्रिफो’ असे मागायचे. १८२७ पासूनचे कासा आल्बेर्तो आणि १८९२ पासूनची बोदेगा दे ला आर्दोसा ही दोन ठिकाणे पाहुण्यांना सहज सापडतील अशी आहेत. नळाचे व्हर्मूथ थोडे पातळ आणि कमी मसालेदार वाटते. काही ठिकाणी वरून सायफनचा सोडाही मारतात. उन्हाळ्यात माद्रिदचे तापमान चाळिशीकडे जाते तेव्हा रेसेर्वा वगैरे जड प्रकार कोणाला सोसणार? रेउसचे चाहते नळाच्या व्हर्मूथला नावे ठेवतात, हा मला त्यांचा अहंकार वाटतो. त्यातले काही व्हर्मूथ मुळात कातालोनियातूनच येते, ही गोष्ट वेगळी.

एक व्यावहारिक सूचना. रविवारी दीडच्या सुमारास या ठिकाणी बसायला जागा मिळत नाही आणि मिळावी अशी अपेक्षाही कोणी करत नाही. काउंटरला टेकून उभे राहायचे, एक पेला घ्यायचा, सोबत येईल ते खायचे आणि पुढच्या ठिकाणी जायचे.

द्राक्षवेल

माद्रिदकर, आपला विरोध मान्य आहे, पण अर्धाच. सोड्याच्या बाबतीत माझा आक्षेप कायम आहे. बर्फ वितळताना व्हर्मूथ हळूहळू पातळ होते आणि त्याची चव पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत बदलत जाते; त्यातच त्याची खरी मजा आहे. सोडा ते काम एका झटक्यात करून टाकतो. मात्र ज्या व्हर्मूथमध्ये साखर फार आहे तेथे सोड्यावाचून इलाज नसतो, हे कबूल करावे लागेल. नळाच्या प्रकाराविषयी आपण लिहिल्यामुळे धाग्यातली मोठी उणीव भरून निघाली.

शाकाहारी प्रवासी

सोबत खायला जे मिळते त्यात शाकाहारी माणसाने काय घ्यावे? आणि मधुमेह असलेल्याने यापासून लांब राहावे का?

काढेवाली

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. ज्या व्हर्मूथला नियमानुसार ‘गोड’ म्हणतात, त्यात लिटरमागे किमान एकशे तीस ग्रॅम साखर असते. म्हणजे ऐंशी मिलिलिटरच्या एका पेल्यात दहा ग्रॅमहून अधिक साखर झाली, आणि स्पेनमधली लाल व्हर्मूथे बहुधा याच वर्गात येतात. कोरडे, म्हणजे ‘सेको’ मागितले तर त्यात लिटरमागे पन्नास ग्रॅमपेक्षा कमी साखर असते. साखर कमी असली तरी मद्यार्क राहतोच, त्यामुळे गोळ्या चालू असतील तर निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

माद्रिदकर

खाण्याविषयी मी सांगतो. ऑलिव्ह घेताना ‘बिनभरलेले’ किंवा आठळीसह असलेले मागावेत, कारण स्पेनमध्ये भरलेल्या ऑलिव्हांच्या पोटात फार वेळा अँचोवी मासा असतो आणि तो दिसत नाही. तळलेले खारे बदाम, बटाट्याचे काप आणि लोणच्यातल्या हिरव्या मिरच्या हे निर्धास्त घ्यावे. ‘हिल्दा’ नावाची काडी दिसायला ऑलिव्ह आणि मिरचीची वाटते, पण तिच्यात अँचोवी असतेच. जे मासे खातात त्यांनी मात्र व्हिनेगरमध्ये मुरवलेले बोकेरोनेस हे छोटे मासे आणि डब्यातले बेर्बेरेचोस हे छोटे शिंपले चुकवू नयेत. स्पेनमध्ये डबाबंद समुद्री खाद्य हलक्या प्रतीचे मानत नाहीत. चांगला डबा ताज्या माशापेक्षा महाग असतो. शिंपल्यांच्या डब्यातले खारट पाणी आणि व्हर्मूथचा कडवटपणा एकत्र आले की या पेयाचे सगळे गणित सुटते.

हेरेस ते हारो

अन्यत्रचे अनुभव लिहा असे म्हटले आहे, म्हणून दोन ठिकाणांची भर घालतो. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियातल्या हेरेस भागात शेरीपासून, म्हणजे मद्यार्क घालून मुरवलेल्या तेथल्या वाईनपासून, व्हर्मूथ करतात. तेथील जुन्या पेढ्या शंभर वर्षांपूर्वीही ते करीत. मध्यंतरी ते मागे पडले आणि गेल्या दशकात लुस्ताऊ, गोन्सालेस बियास अशा नामांकित पेढ्यांनी पुन्हा बाजारात आणले. लुस्ताऊचे लाल व्हर्मूथ आमोन्तियादो आणि पेद्रो हिमेनेस या दोन शेरींच्या मिश्रणावर बेतलेले आहे. द्राक्षवेल यांनी वर म्हटले आहे की मूळ वाईन तटस्थ असावी लागते, त्याला हा थेट अपवाद आहे. येथे वाईनच मुख्य बोलते. अक्रोड, मनुका आणि खारेपणा आधी येतो आणि वनस्पती मागून. गोडीही बरीचशी पेद्रो हिमेनेसची, म्हणजे उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची असते, त्यामुळे ती साखरेसारखी चिकटत नाही. मला रेउसपेक्षा हा प्रकार अधिक आवडला.

दुसरे ठिकाण रिओखातले हारो. तेथे मार्तिनेस लाकुएस्ता ही वायनरी १९३७ पासून व्हर्मूथ करते. रेल्वे स्थानकाभोवती नामवंत वायनऱ्यांची रांग असलेल्या या गावी लाल वाईनची इतकी चर्चा होते की व्हर्मूथकडे कोणाचे लक्षही जात नाही. पण गावातले बार ते भरपूर विकतात. त्याच्याही उत्तरेला, बास्क प्रदेशात गेलात तर ‘मारियानितो’ मागावे. छोट्या पेल्यात लाल व्हर्मूथ, त्यात जिन आणि कडू अर्काचे काही थेंब असे ते मिश्रण असते आणि दिसते त्यापेक्षा बरेच जोरदार असते.

द्राक्षवेल

हेरेसचा मुद्दा फार चांगला मांडलात. प्रत्यक्षात मोन्सांतच्या दक्षिणेला तेर्रा आल्ता या भागातही मूळ वाईनला बोलू देणारे काही जण आहेत. बातेया गावातली कासा मारिओल ही वायनरी माकाबेओच्या वाईनमध्ये हिरव्या अक्रोडांचा अर्क वापरते आणि त्याचा तुरटपणा शेवटपर्यंत टिकतो. लाल वाईनचा कंटाळा आलेल्यांनी तेर्रा आल्ताकडे जरूर वळावे. पांढऱ्या गारनाचासाठी हा भाग ओळखला जातो आणि गान्देसा येथे मार्तिनेलने बांधलेली दुसरी सहकारी वायनरी फालसेतइतकीच देखणी आहे.

नवखा

पुढच्या उन्हाळ्यात बार्सिलोनाला जाण्याचा बेत आहे. गाडी न चालवता हे पाहता येईल का? आणि बाटल्या भारतात कशा आणाव्यात?

द्राक्षवेल

रेउसला बार्सिलोनाहून थेट आगगाडी आहे आणि साधारण दीड तासात पोहोचता येते. त्याच मार्गावर पुढे मार्सा-फालसेत हे स्थानक लागते. ते फालसेत गावापासून थोडे दूर, मार्सा गावाच्या बाजूला आहे, म्हणून टॅक्सीची सोय आधी करून ठेवावी. प्रिओरातमधले रस्ते घाटांचे आणि अरुंद आहेत, त्यामुळे पिणाऱ्याने गाडी न चालवणे हेच योग्य. रेउसमध्ये मुक्काम करून फालसेतला एक दिवस जाऊन यावे.

भारतात परतताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येते आणि व्हर्मूथची बाटली बहुधा पाऊण ते एक लिटरची असते, म्हणजे दोन बाटल्यांचा हिशेब धरावा. त्या चेक-इनच्या बॅगेतच कपड्यांत गुंडाळून ठेवाव्यात. एकदा बाटली उघडली की ती फ्रिजमध्ये ठेवावी आणि महिना-दोन महिन्यांत संपवावी. आपल्याकडे व्हर्मूथची उघडी बाटली वर्षानुवर्षे कपाटात व्हिस्कीशेजारी उभी असते आणि मग लोक म्हणतात की चव आवडली नाही. शेवटी ती वाईनच आहे आणि उघड्यावर बिघडणारच. दोनपैकी एकच निवडायची झाली तर रेसेर्वा आणावे, कारण साधे लाल व्हर्मूथ तेथेच, दुपारी, पेल्यामागे तीन-चार युरोंत भरपूर मिळते.